गाडीत दोष आढळला नाही

५ जानेवारी २०२५, रविवार. देऊळगाव राजा

मागची वही अर्धी कोरी आहे, तरी नवी काढली. शाळा सुरू होताना नव्या वहीचा वास घेतल्याशिवाय मला जून आल्यासारखा वाटायचा नाही. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, हा रोग गेला नाही.

सकाळी जालन्याच्या शोरूममधून शिवमचा फोन. पोरगा बोलतो फार गोड. "भगवानराव सर, आपल्या गाडीची पहिल्या वर्षाची वॉरंटी आठ एप्रिलला संपते. त्याआधी वाढीव घेतली तर पुढची तीन वर्षं टेन्शन नाही. नंतर घेता येत नाही, सर." म्हटलं, विचार करतो. "करा सर, पण लवकर करा."

गाडी म्हणजे आमचं चाकांवरचं घर. मागच्या पाडव्याला आणलं. दोन बिछाने, ओटा, लहानसा फ्रीज, पाण्याची टाकी, आणि गावातला प्रत्येक माणूस ज्याची आधी चौकशी करतो तो संडास. प्लॉट विकून घेतलं म्हणून सुचिता पुण्याहून दोन महिने माझ्याशी बोलली नाही. बापानं म्हातारपणी घर विकत घ्यावं, पण ते एका जागी उभं राहणारं असावं, असं मुलीचं म्हणणं.

चालवणार फारुख. मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. तो एसटीत तेहतीस वर्षं ड्रायव्हर होता. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून शर्टाच्या खिशात बाळगतो. चौथीत तो पुढच्या बाकावर, मी मागच्या. पुस्तकात समुद्राची एक कविता होती. ती त्याला जन्मात पाठ झाली नाही. उभा राहिला की तोंड सुकायचं. मी मागून एकेक शब्द पुरवायचो, तो म्हणायचा, आणि शाबासकी त्याला मिळायची. पुढे मी मास्तर झालो आणि अडतीस वर्षं समुद्राच्या कविता शिकवल्या. पोरं विचारायची, "गुरुजी, तुम्ही पाह्यला का समुद्र?" मी हो म्हणायचो. ते खोटं होतं. आम्ही दोघांनीही अजून पाहिलेला नाही. गाडी त्यासाठीच घेतली.

वर्ष होत आलं. शेगाव, लोणार, जालना. अकराशे किलोमीटर. समुद्र तिथंच आहे.

झुंबरबाई भाकरी थापता थापता ऐकत होती. चौदा वर्षं माझा स्वयंपाक आणि घर तीच बघते. म्हणाली, "गुरुजी, झाडू दोन घरचा अन् पगार एका घरचा. त्याची बी वॉरंटी काहाडा कोनाकून तरी."

८ जानेवारी, बुधवार

शिवमनं पुस्तिका पाठवली. बावीस पानं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, वायरिंग, पाण्याचा पंप बिघडल्यास बदलून मिळेल. मग 'यात समाविष्ट नाही' अशी यादी, ती मात्र लांबलचक. काचा नाहीत, टायर नाहीत, अपघात नाही, आणि 'वापराने व काळाने होणारी नैसर्गिक झीज' नाही. हे वाक्य तीनदा वाचलं. कवितेत असतं तर वर्गाला भावार्थ लिहायला दिला असता.

फारुखला सगळं वाचून दाखवलं. हल्ली तो कागद माझ्याकडेच देतो. म्हणतो, "तुह्या आवाजात लाईटचं बिल बी चांगलं वाटते बे." ऐकून म्हणाला, "घेऊन टाक. ह्या गाडीत लय खोट हाय, मास्तर. तुले नाही समजत, मले समजते. एसटीची गाडी धूर सोडे, पन दगा नाही देल्ला तिनं."

तीन वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तर. कंपनी गाडीची हमी देणार, आणि तोवर आपण असू याची हमी आपण कंपनीला देणार. सौदा कोणाच्या फायद्याचा, कळत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

लोणारला गेलो. सरोवराच्या काठावर गाडी उभी करून आतल्या शेगडीवर चहा केला, तिळगूळ खाल्ला. फारुख म्हणाला, "हा तुहा लहान समुद्र. मोठ्याची रंगीत तालीम." मला ते आवडलं.

परतताना सिंदखेडराजाच्या अलीकडे दिवेलागण झाली. फारुखनं गाडी वीसवर आणली. म्हटलं, काय झालं? तो समोर बघत म्हणाला, "मास्तर, समोरून येनाऱ्या गाड्यायचे दिवे पाय. एकेका दिव्याभोवती रंगाचं गोल कडं. जशी काचेची बांगडी भरली कोनी दिव्याले."

मी चमकलोच. ज्याला साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आठ ओळी पाठ झाल्या नाहीत, त्याच्या तोंडून ही उपमा! मी डोळे बारीक करून पाहिलं, मला नुसते दिवे दिसले. नजर लागते त्यासाठी. या ड्रायव्हरमध्ये एक कवी वाया गेला. विसरू नये म्हणून शब्दाला शब्द लिहून ठेवला आहे.

थोडं पुढे डाव्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. अगदी जवळ गेल्यावर त्यानं करकचून ब्रेक दाबला. ओट्यावरची भांडी खाली आली. "लाल कागद लावत नाहीत साले! अन् आपले हेडलाईट पाय, मेनबत्त्या लावल्या कंपनीनं. उजेडच फेकून नाही राह्यले." खरंच, गाडीत खोट असावी.

२० जानेवारी, सोमवार

जालन्याच्या वर्कशॉपला गेलो. तिथला फोरमन गजेंद्र, शांत माणूस. फारुखनं तक्रारी सांगितल्या: हेडलाईट मंद, पुढची काच धुकट, डावा आरसा काहीच दाखवत नाही. गजेंद्रनं गाडी अंधाऱ्या शेडमध्ये नेऊन भिंतीवर उजेड पाडला. "काका, भिंतीतला खिळा दिसते यात."

"तुले दिसत असन," फारुख म्हणाला.

गजेंद्रनं काच पुसली, आरसा हलवून पाहिला, आणि कार्डावर लिहिलं: तपासणी केली. गाडीत दोष आढळला नाही. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "गाडी हेच काका चालवतात का?" मला राग आला. म्हटलं, "त्याच्या खिशात बिल्ला आहे. तेहतीस वर्षांत त्यानं कोंबडी मारलेली नाही."

येताना फारुख म्हणाला, "पह्यल्या वर्षात फुकट करावं लागते नं, म्हून खोट दिसत नाही यायले." पटण्यासारखं आहे. म्हणजे वॉरंटी संपल्यावर हेच लोक खोटच खोट काढतील. घ्यायलाच हवी की काय?

२ फेब्रुवारी, रविवार

फाटकातून गाडी आत घेताना डावी बाजू खांबाला घासली. हातभर पत्रा सोलला. फारुख उतरला, सोललेल्या जागेवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "आरसा. म्या सांगतलं होतं नं तुले, आरसा खराब हाय."

नंतर ओसरीत चहा. झुंबरबाईनं त्याच्या डाव्या हाताशी ग्लास ठेवला. तो गप्पांत होता, हाताच्या धक्क्यानं ग्लास खाली. तिनं दुसरा आणून हातात दिला.

तो गेल्यावर फरशी पुसत म्हणाली, "गुरुजी, एक सांगू का? भाईले दिसत नाही."

"काहीतरीच. लोणारला त्यानं..."

"ह्या डाव्या अंगाचं कायीच दिसत नाही. म्या तीन खेपा पाह्यलं. चहा डावीकून देल्ला का सांडते, उजवीकून देल्ला का नाही. तुमी त्याच्या तोंडाकडं पाह्यता, मी हाताकडं पाह्यतो."

मी जरा मोठ्यानंच बोललो. म्हटलं, तुला ड्रायव्हिंगमधलं काय कळतं? ती म्हणाली, "मले चहातलं कळते." आणि पोछा घेऊन आत गेली. संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं. विसरली की मुद्दाम, विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

फारुखचं लायसन्स संपतंय. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि डॉक्टर भिंतीवरची पाटी वाचायला लावतात. फारुख सकाळीच आला, चेहरा उतरलेला. "मास्तर, दिसते मले सगळं. पन डॉक्टर म्हटला का तोंड सुकते. तुले माहीत हाय माहं."

मला माहीत आहे! मला तो पुढच्या बाकाशेजारी उभा राहिलेला दिसला, चड्डीची नाडी लोंबते आहे आणि ओठ हलत नाहीत. म्हटलं, भिऊ नकोस, पाठ करून घेऊ.

दवाखान्यात तो फॉर्म घेत होता तेवढ्यात मी पाटी वहीत उतरवून आणली. सात ओळी. अक्षरांना अर्थ नसतो, पण चाल लावली की लागते. शेवटची बारीक ओळ तर लावणीच्या ठेक्यात बसली: ग ट र म, प न ल ध. दुपारभर ओसरीत घोकत बसलो. मी म्हणायचो, तो मागून म्हणायचा. "अबे, ह्याच्याहून तुही समुद्राची कविता सोपी होती," असं म्हणून हसला. किती दिवसांनी इतका आनंद झाला! जुना मास्तर, जुना विद्यार्थी. झुंबरबाई दारात येऊन दोनदा ऐकून गेली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पास! एकही अक्षर चुकलं नाही. दोन्ही डोळ्यांना तेच गाणं. डॉक्टर म्हणाले म्हणे, "चाचा, या वयात असे डोळे!" फारुखनं पेढे आणले. पहिला मला भरवला. "गुरुदक्षिणा, बे."

आता बेत पक्का. रमजान संपला, ईद झाली, की कोकण.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी फारुखच्या घरी गेलो, तो बाजारात गेलेला. जहांआराभाभींनी पाणी दिलं आणि नेहमीसारख्या आत न जाता दाराशी उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ती वॉरंटी नका घेऊ."

मला हसू आलं. म्हटलं, भाभी, पैसे माझे जाणार आहेत.

"पैशाचं नाही म्हनत मी. गाडी बिघडली तर बिघडू द्या. बंद पडली तर पडू द्या. अल्ला करे अन् अशी बंद पडो का पुन्हा चालूच नको व्हायला. मी मिठाई वाटीन."

"अहो, समुद्र बघायला जायचंय आम्हाला."

त्या बराच वेळ ओढणीचं टोक पिळत होत्या. "हे कोनाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. तुमीच जर नाही म्हनलं..." तेवढ्यात फारुखच्या चपला वाजल्या आणि त्या आत गेल्या. तो दारात ठेचकाळला. उंबरा तिथं चाळीस वर्षं आहे.

बायकांना पुरुषांचा प्रवास आवडत नाही. माझी कुसुम असती तर हेच म्हणाली असती. परतताना तिची फार आठवण आली.

९ मार्च, रविवार

ठरलं. घेतो. ज्या गाडीबद्दल फारुखसारखा माणूस रोज नवी खोट काढतो, ती उघडी कशी ठेवायची? शिवम म्हणाला, पैसे भरण्याआधी गाडी वर्कशॉपमध्ये दाखवावी लागते, तसा नियमच आहे. शनिवार, २२ तारीख मिळाली.

फारुखचे रोजे चालू आहेत. म्हटलं, शिवमचाच एखादा ड्रायव्हर बोलावू. तो एकदम उभा राहिला. "माह्या गाडीले दुसऱ्याचा हात लागू देशीन तर पुन्हा माह्या दारात येऊ नोको." विषय तिथंच संपला.

२२ मार्च, शनिवार

लिहायला बसलो आहे कारण दुसरं काय करावं ते कळत नाही.

सकाळी नऊ. वारा होता. फाटकाचं डावं दार वाऱ्यानं मिटत होतं, म्हणून झुंबरबाई ते पाठीनं रेटून उभी राहिली. मी फारुखच्या डावीकडे बसलो होतो. मला ती स्पष्ट दिसत होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. मी तिला हात केला. तिनंही केला. गाडी सुटली. तिच्याकडे जात होती. मी काही बोललो नाही, कारण मला जे दिसतं ते त्यालाही दिसतं असं मी धरलं होतं.

खांब आणि गाडी यांच्यामध्ये.

ती ओरडल्यावरही फारुख विचारत होता, "काय झालं बे? काय लागलं? खांब लागला का?"

२३ मार्च, रविवार

झुंबरबाई जालन्याला मोठ्या दवाखान्यात आहे. डावा पाय मांडीपासून काढला. मोताळ्याहून तिची मुलगी काजल आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या गाडीत पलंग हाय, चूल हाय, संडास बी हाय म्हनतात. माह्या मायचा पाय ठेवाले जागा हाय का त्यात?"

काल पोलीस आले तेव्हा मला विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, "अचानक."

२६ मार्च, बुधवार

झुंबरबाई शुद्धीवर आहे. जमादार तिचा जबाब घ्यायला आला तेव्हा मी खाटेजवळ होतो. ती म्हणाली, "मीच आडवी गेली साहेब. गाडीवाल्याचा कसूर नाही. मले तक्रार द्याची नाही." जमादारानं दोनदा विचारलं, तिनं दोनदा तेच सांगितलं. काजल तोंड फिरवून रडत होती.

तो गेल्यावर मी म्हटलं, "झुंबरबाई, खोटं का सांगितलं?"

"भाई जेलात गेले तर भाभीचं कोन पाह्यते? अन् तुमचं घर सुटलं तर माहं कोन पाह्यते?" मग म्हणाली, "भाकरी बसून थापता येते गुरुजी. तुमी दुसरी बाई नोका लावजा."

दवाखान्याचा सगळा खर्च मी करणार आहे, असं मी सांगितलं. ती छताकडे बघत होती. 'म्या सांगतलं होतं' असं एकदा जरी म्हणाली असती तरी मला बरं वाटलं असतं.

२७ मार्च, गुरुवार

फारुख आला. पाच दिवसांत खंगला आहे. रोजा आहे, पाणीही घेतलं नाही. "मास्तर, ब्रेक लागला नाही. म्या दाबला, पन लागला नाही. तुह्या अक्षरात कंपनीले लिव. अजून वॉरंटी हाय, त्यायले मानावंच लागन."

त्यानं ब्रेक दाबला नव्हता. मी शेजारी होतो. त्याचा पाय मी पाहिला.

तरी लिहिलं. चांगल्या अक्षरात, समास सोडून. 'सदर वाहनाचा ब्रेक ऐन वेळी निकामी झाल्याने...' सहीही केली. आणि शिवमला फोटो पाठवला. हे मी केलं.

२९ मार्च, शनिवार

गजेंद्र स्वतः आला. अंगणातच चाकं खोलून ब्रेक पाहिले, गाडी चारदा पुढेमागे घेतली. झुंबरबाई जिथं उभी होती तिथली माती अजून काळी आहे. गजेंद्रनं त्या मातीवर चाक जाऊ दिलं नाही.

कार्डावर तेच वाक्य लिहिलं.

मग पायरीवर बसून हात पुसत म्हणाला, "काका, जानेवारीतच मले डाऊट आला होता. माह्या वडलायलेही असंच झालं होतं. ते म्हनायचे, गावातले बल्ब खराब आले." मी विचारलं, मग त्या दिवशी स्पष्ट का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुमी बिल्ला सांगतला नं."

तो गेल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचली. आतापर्यंत कधी वाचली नव्हती. माझंच अक्षर आहे.

३१ मार्च, सोमवार. ईद

फारुख नव्या कुर्त्यात आला. डब्यात शीरखुर्मा. दुसऱ्या हातात गाडीची किल्ली, दुसरी किल्ली त्याच्याकडेच असते. "चल, जालन्याले घेऊन जाऊ. ब्रेकची भानगड मिटवू, वॉरंटी घेऊ. झुंबरबाईनं जबाब देल्ला, आता काही अडचन नाही. पंधरा दिवसांनं समुद्र."

मी काही बोलण्याआधी तो डबा ओसरीत ठेवून गाडीजवळ गेला होता. दाराचं कुलूप शोधत होता. डाव्या हाताचा अंगठा पत्र्यावर फिरवत फिरवत भोक सापडलं, मग त्यावर किल्ली टेकवली. भर अकरा वाजता, लख्ख उन्हात. रस्त्यानं पोरं नवे कपडे घालून ईदी मागत चालली होती.

मी किल्ली त्याच्या हातातून काढून घेतली. तो हसला, त्याला गंमत वाटली. मग नाही वाटली.

"काऊन बे?"

"तुला दिसत नाही, फारुख."

"दाखला हाय माह्याकडं. तूच शिकवला."

शीरखुर्म्याचा डबा ओसरीत तसाच राहिला.

२ एप्रिल, बुधवार

सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला गेलो, लायसन्सच्या ऑफिसात. अर्ज दिला. लायसन्सधारकास डाव्या बाजूचे दिसत नाही, मी दोन महिने ते पाहत होतो, दृष्टितपासणीची पाटी मीच त्यांना पाठ करून दिली, २२ मार्चच्या घटनेत गाडीत दोष नव्हता, ब्रेकची तक्रार मी खोटी केली. खाली माझं नाव, पत्ता, वय. काउंटरवरच्या बाईंनी वाचलं आणि वर पाहिलं. "बाबा, हे तुम्ही स्वतःविरुद्ध पण लिहून राह्यले, कळते नं?" म्हटलं, कळतं. एक प्रत जमादाराला नेऊन दिली. तिसरी प्रत फारुखची.

तो घरी होता. कागद हातात दिला. त्यानं उलटसुलट केला, जरा लांब धरला, मग माझ्याकडेच परत दिला.

"वाच."

मी उभ्यानं वाचला. एकही शब्द गाळला नाही. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं.

"झालं?"

"हो."

"बिल्ल्याचं लिवलं का त्यात?"

"नाही."

"लिवाले पायजे होतं," तो म्हणाला, आणि भिंत धरून आत गेला.

५ एप्रिल, शनिवार

जहांआराभाभी कोपऱ्यावर भेटल्या. त्यांनी त्याला काल जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. काचबिंदू. डावा डोळा संपला. उजव्यात दाराच्या फटीएवढं उरलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं रोज थेंब टाकून राखायचं.

"डॉक्टर म्हनले, दिव्याभोवती रंगाची कडी दिसत होती का? तेव्हाच आले असते तर पुष्कळ वाचलं असतं. हे म्हनले, मले आठवत नाही."

मला आठवत होतं.

"मी सांगायले पायजे होतं तुमाले," त्या म्हणाल्या. "सरळ शब्दात. पन त्यायनं कुरानची कसम घातली होती."

"तुम्ही सांगितलं होतं, भाभी."

त्यांनी मान हलवली. कशाला, ते समजलं नाही. मी विचारलं, येऊ का घरी? त्या म्हणाल्या, "या. पन..." आणि चालू लागल्या.

८ एप्रिल, मंगळवार

झुंबरबाईला परवा सोडणार. काजल तिला मोताळ्याला नेणार म्हणते. झुंबरबाई नाही म्हणते. मधल्या खोलीतला उंबरा आज काढून घेतला, जमीन सपाट केली. गवंड्यानं विचारलं, कोण येणार? म्हटलं, घरचं माणूस.

साडेपाचला शिवमचा फोन. "सर, आज शेवटचा दिवस. सहाला पोर्टल बंद होतं."

"नको."

"सर, मधे जे झालं ते ऐकलं मी. पण तुम्ही गाडी विकणार असाल तर वॉरंटी असलेली बरी. किंमत चांगली येते. घेणारा विचारतोच, गाडीत काही दोष?"

"काही नाही," मी म्हणालो. "कार्डावर लिहिलेलं आहे. दोनदा."

फोन ठेवला आणि फारुखच्या घराकडे निघालो. सहा दिवस गेलो नव्हतो. इतके दिवस मी त्याच्याकडे गेलो नाही असं कधी झालं असेल ते आठवेना.

तो ओट्यावर बसला होता, तोंड रस्त्याकडे. शेजारी थेंबांची बाटली. ऊन कललं होतं, पण उजेड स्वच्छ होता. समोरच्या भिंतीवरची निवडणुकीची जुनी अक्षरं मला चष्म्याशिवाय वाचता येत होती. मी तीन पावलांवर जाऊन उभा राहिलो. त्याच्या डाव्या अंगाला नाही. नीट समोर.

त्यानं मान वर केली. थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कोन हाय?"

त्याला मी दिसत नव्हतो, की दिसत असून तो विचारत होता, मला ठरवता येईना. आयुष्यभर मी त्याचा चेहरा बघत आलो आहे, आणि मला ठरवता येईना.

"मी. भगवान."

"कोन भगवान?"

आतून भाभी दारापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. मी चप्पल काढली नव्हती. काढावी की नाही, याचा विचार करत मी तसाच उभा राहिलो.

अंधार पडायला लागला तेव्हा भाभींनी ओट्यावरचा दिवा लावला. फारुखनं त्या दिव्याकडे तोंड फिरवलं. मी घरी आलो.